सातव्या दिवशी जायचं का न्हाई

हिंगोली जिल्ह्यात मी गेले ती एक बाई आणायला. पुण्यात आमच्या संघटनेची सभा होती. त्या सभेत उभी करायला मला अशी बाई हवी होती, जिच्या अंगात लघवी थांबवायची जाळीची पट्टी बसवली आहे आणि जिला त्यापासून त्रास झाला आहे. नुसता त्रास नको होता. सांगता येईल, ऐकणाऱ्याचं रक्त उसळेल असा त्रास हवा होता. परभणीतून फुटून हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्याला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती आणि तिकडे आमचं कोणी जात नव्हतं. मी गेले. कुरुंदा गावातून एका पेशंटच्या घरचं पत्र आलं होतं, त्याचा धागा धरून. कशी गेले आणि काय करून आले ते लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दुखणं. खोकलं, शिंकलं, घागर उचलली, खळखळून हसलं की लघवी सुटते. बाळंतपणांनी आणि ओझ्यांनी सैल पडलेल्या बायकांचं हे दुखणं घरोघरी आहे आणि तोंडावर कोणाच्याच नाही. त्यावर आता एक ऑपरेशन निघालं आहे. लघवीच्या नळीखाली कृत्रिम धाग्याच्या जाळीची अरुंद पट्टी झोळीसारखी बांधतात. मी त्यावर चार पानी पत्रक लिहिलं होतं: ‘बाईच्या अंगात प्लास्टिक!’ पट्टी कधी आत उघडी पडते, घासते. नवऱ्याजवळ जाताना दुखतं. कधी लघवी अडते, पुन्हापुन्हा जंतू होतात. एकदा मुरली की काढणं महाकठीण. आणि हे सगळं आधी न सांगता इंग्रजी कागदावर अंगठा घेतात. यातलं एकही वाक्य मी आजही मागे घेत नाही. मागे घ्यायचं वाक्य चौथ्या पानावर आहे. त्याच्याकडे येतेच.

वसमत

वाठोरे सिस्टर स्टँडवर आल्या होत्या. तीस वर्षं खेडोपाडी लशींची पेटी घेऊन हिंडलेल्या, आता निवृत्त. आमच्या ओळखीतल्या एका कार्यकर्तीने त्यांचं नाव दिलं होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या हातातली पिशवी उचलून पाहिली.

“पुण्याच्या तुमीच. कागदाचं वजन आहे.”

पिशवीत दोनशे पत्रकं, बायकांची माहिती भरायचे फॉर्म, टेपरेकॉर्डर आणि कॅमेरा होता. कपड्यांचा एकच जोड.

स्टँडसमोरच्या हॉटेलात त्यांनी मला सुशीला खायला घातला. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी, वर शेंगदाणे आणि तिखट असं की दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी. आमच्याकडे सांगलीला भडंग कोरडं खातात, हे मी त्यांना ऐकवलं. मी सांगलीची आणि हळदीच्या गावची आहे हेही ऐकवलं.

“मग हळद शिजवताना पाहिली असंल?”

नव्हती पाहिली. आमच्याकडे हळद पोत्यातून येते आणि पोत्यातून जाते. इथे रस्त्याकडेच्या शेतांतून वाफा निघत होत्या, एसटीच्या सीटसुद्धा पिवळ्या पडलेल्या, आणि सगळ्या हवेला ओल्या मातीचा आणि औषधाचा मिळून एक वास.

“पेशंटचं पत्र कधी आलं?” सिस्टरनी चहा ओतता ओतता विचारलं.

“झाले थोडे दिवस.”

पाच आठवडे झाले होते. पत्र ऑफिसच्या ट्रेमध्ये पडून होतं, कारण मी दुसऱ्या जिल्ह्यांत पत्रकं वाटत हिंडत होते. हे सांगायला काय हरकत होती? पण मी ‘थोडे दिवस’ म्हणाले, आणि फार आत्मविश्वासाने म्हणाले.

कुरुंद्याच्या जीपमध्ये आम्ही पुढे दोघी आणि मागे सोळाजण. खड्ड्यात आपटून माझ्या गठ्ठ्याची सुतळी तुटली आणि पत्रकं जीपभर झाली. लोकांनी भल्या मनाने गोळा करून दिली. एका मिशीवाल्याने मात्र एक हातात धरून मथळा मोठ्याने वाचला, “बाईच्या अंगात प्लास्टिक!” आणि शेजारच्याला म्हणाला, “बरं हाय की, गंजत न्हाई!” जीप हसली. कोपऱ्यातल्या एका बाईने पदर नाकापर्यंत ओढला आणि उतरेपर्यंत बाहेरच बघत राहिली. मला वाटलं, चला, विषय निघाला, जागृती झाली.

कुरुंदा

गयाबाई शेतातच होत्या. पन्नाशीच्या आसपास, काटक, चार बाळंतपणं. जमिनीत खणलेल्या चुलाणावर आंघोळ करता येईल एवढी लोखंडी कढई, खाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ, वर ओल्या गोणपाटांखाली हळद रटरटत होती. गयाबाई कढईपासून दूर, बांधावर, एका कुल्ल्यावर भार देऊन बसलेल्या. त्यांची सून मंगल जाळ सारत होती. दहावी झालेली. पत्र तिनेच लिहिलं होतं.

“आल्या का तुमी!” ती जाळ टाकून धावत आली. “आत्याबाई, पत्रकवाल्या ताई आल्या बघा.”

भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आंबाडीची भाजी आधी खावी लागली. खाल्ल्याशिवाय बोलणं नाही. आंबाडी इतकी आंबट असते हे मला ठाऊक नव्हतं. मी तोंड वाकडं केलं तशी गयाबाई हसल्या आणि हसता हसता ओटीपोटावर हात दाबून धरला. तो हात मी पाहिला. पाहिला आणि मनात नोंद केली, की फोटो असा घ्यायचा.

मग टोपलं पालथं घालून त्यावर रेकॉर्डर ठेवला.

गयाबाईंनी पंधरा वर्षांचं सांगितलं. कुरडया-पापडांना हात लावायचा नाही, आपण ओल्या म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच ठरवलेलं. सप्ताहाला देवळात बसायचं ते चपलांजवळ. लग्नाला गेलं की पाणी प्यायचं नाही.

“एक हळद शिजवायचे दिस तेवढे माझे,” त्या म्हणाल्या. “गोणपाटं उचलायची, पाणी सांडायचं, समद्याच बाया कमरेपोतर भिजलेल्या. मंग कोन पाहून राहिलंय, कोन कशानं भिजली! त्या दिसांत मी लई हसायची, बाई.”

ऑपरेशनसाठी सुनेनेच नेलं होतं. नांदेडला. डॉक्टर म्हणाले, पट्टी टाकतो, दोन दिवसांत घरी. पट्टी जन्मभर आत राहणार, ती अशी-अशी वागू शकते, हे कोणी सांगितलं नाही.

“पहिल्या दिसी मंगलनं काहीतरी म्हणलं अन मी हसले. अन भिजले न्हाई. तशी मी रडलेच.”

“आणि मग?”

“मंग यायचीच थांबली. उभं ऱ्हायाचं, वाकायचं, ही तांब्यानं पायावर पाणी सोडती, तवा कुठं थेंब थेंब. अर्धा घंटा जातोय.”

माझं काळीज हललं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला आनंद झाला. हीच ती बाई, असं वाटलं. मी रेकॉर्डर पुढे सरकवला आणि म्हणाले, “तांब्याचं परत एकदा सांगा. जरा जवळ येऊन.”

“बंद कर ते,” सिस्टर म्हणाल्या. आतापर्यंत त्या मला अहो-जाहो करत होत्या. त्यांनी गयाबाईंना गोणपाटावर आडवं केलं आणि लुगड्यावरूनच बेंबीखाली हात ठेवला. मग कपाळावर.

“ताप कधीपासून?”

“चार रोज. हळदीच्या जाळानं असंल.”

“जाळानं नाही गं बाई. पोट भरलंय तुझं. लघवी आत साठून वरून सांडते आहे. आजच्या आज न्यायचं हिला.”

आता माझ्यातली पत्रकवाली जागी झाली. मी मंगलकडे वळून तावातावाने विचारलं, “मग तुम्ही दवाखान्यात परत का नाही गेलात? हाकलून दिलं का त्यांनी?”

मंगल उठून माझ्यासमोर आली.

“सातव्या दिसी बोलावलं व्हतं त्यांनी. तुमीच तर लिव्हलं ना, ताई.” आणि शाळेत कविता म्हणावी तशी तिने पाठ म्हणून दाखवलं: “‘ज्याने तुमच्या अंगात ही जाळी टाकली, त्याच्या दारात पुन्हा पाऊल टाकू नका! आम्हाला कळवा!’”

चौथं पान. शेवटून दुसरी ओळ. लिहिताना मला फार आवडली होती.

“आमाला सहाव्या दिसी गावलं ते, वसमतच्या मेळाव्यात. परभणीच्या बाया वाटत व्हत्या,” मंगल म्हणाली. “मीच वाचलं आत्याबाईपुढं. तरी म्या पत्रात इचारलं व्हतं. तुमचं उत्तर आलं न्हाई, मंग आमी गेलोच न्हाई.”

पत्र माझ्या पिशवीत होतं. निळं अंतर्देशीय. आतल्या मजकुराखाली मी लाल पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या: ‘लघवी होत नाही’, ‘फार तकलीफ आहे’, ‘अंगठा घेतला’. आणि घडीच्या दुमडपट्टीवर, जागा संपल्यावर लिहितात तसं, बारीक अक्षरात: ‘उद्या सातवा दिवस आहे. सातव्या दिवशी जायचं का न्हाई ते लवकर कळवा.’

ही ओळ मला दिसली नव्हती असं नाही. मी ती वाचली होती. तिच्याखाली लाल रेघ मारावी असं मला तिच्यात काही सापडलं नव्हतं, एवढंच.

नांदेडच्या वाटेवर

मंगलचा नवरा वसमतच्या बाजाराला गेला होता. मंगलने धगधगता जाळ शेजारणीवर सोपवला आणि आम्ही चौघी भाड्याच्या जीपने निघालो. गयाबाई मागच्या सीटवर मंगलच्या मांडीवर डोकं ठेवून पडल्या होत्या. दर खड्ड्याला मंगल तोंडाने “आई गं” म्हणायची, त्या मात्र नाही.

पुढच्या सीटवर मी सिस्टरना म्हणाले, “बघा, ही पट्टी किती घातक आहे ते.” काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून बोलले. वाद जिंकण्याची सवय इतकी वाईट.

“माझ्याही आत आहे,” सिस्टर म्हणाल्या.

“काय?”

“पट्टी. औरंगाबादला घातली. तीन वर्षं झाली. बिनघोर आहे मी. खोकते, हसते, बसने वसमतच्या स्टँडवर तुझ्यासारखीला आणायला जाते.”

“तुम्ही स्टँडवर का नाही सांगितलंत?”

“तू कुठं विचारलंस? तुझ्या फॉर्ममध्ये त्रासाचे सात रकाने आहेत. बऱ्या झालेल्या बाईला एक पण नाही.” मग म्हणाल्या, “मला डॉक्टरीणबाईंनी आधी बसवून समदं सांगितलं. काय बिघडू शकतं, बिघडलं तर कधी धावत यायचं. लघवी अडली तर त्याच रात्री ये म्हणाल्या. माझं चांगलं झालं म्हणून समद्यांचं होतं असं मी म्हणत नाही. या गयाबाईला कोणी बसवून सांगितलं नाही, हा त्यांचा गुन्हा. आणि परत जाऊ नको म्हणून सांगितलं, हा कोणाचा?”

मागे मंगल जागी होती. ऐकत होती.

नांदेड

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. त्या नावावर बोट ठेवायची हिंमत घेऊन आले होते, ती आता उरली नव्हती. नळी घातली. पिशवी भरायला लागली आणि भरतच गेली. नर्सने पिशवी रिकामी करून पुन्हा लावली. गयाबाईंनी डोळे मिटून असा श्वास सोडला, की शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली.

ऑपरेशन केलेले डॉक्टर आले. मी त्यांना राक्षस कल्पून ठेवलं होतं. माझ्या पत्रकात त्यांच्यासारख्याचं चित्रही आहे, सुळ्यांसकट. हे दमलेले, चष्मा पुसत बोलणारे गृहस्थ निघाले.

“पहिल्या आठ-दहा दिवसांत आला असता तर पट्टी थोडी खाली ओढून सैल करता आली असती,” ते म्हणाले. “छोटं काम होतं. आता मांस धरलंय, पट्टी कापावी लागेल. आधी जंतू आणि ताप उतरू द्या. कापल्यावर लघवी मोकळी व्हायला हवी, पण पहिलं दुखणं थोडं परत येऊ शकतं, किंवा सगळंच. मी कार्डावर लिहून दिलं होतं. का नाही आलात?”

कार्ड इंग्रजीत होतं, तेवढं मी लगेच पाहून घेतलं. पण प्रश्न इंग्रजीत नव्हता.

मी खोलीत होते. मंगल होती. मंगलने मान खाली घातली. आणि कॉटवरून गयाबाई म्हणाल्या, “हळद व्हती शिजवायची, सायेब. हळद काय थांबती व्हय?”

डॉक्टरांनी हताशपणे मान हलवली. “हळद! तुम्हा लोकांना जिवापेक्षा पीक मोठं.” आणि पुढच्या कॉटकडे वळले.

मी गप्प बसले. गावोगाव माईकवर ओरडणारी मी, एका बाईला माझ्यादेखत अडाणी ठरवलं गेलं आणि मी ते होऊ दिलं. वर मनात ओशाळून का होईना असंही आलं, की ही माउली मला पाठीशी घालते आहे. मी तिचे पाय धरायचे ठरवले.

संध्याकाळी मंगल डबा आणायला खाली गेली तेव्हा मी कॉटजवळ बसले. “तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?” मी विचारलं.

गयाबाईंना प्रश्नच कळला नाही. “तुमचं? तुमचं काहून घिऊ?”

“मी लिहिलेल्या कागदामुळे...”

“ते व्हय!” त्या म्हणाल्या. “अवो, कागद कुनी लिव्हला ते घरी कोन इचारतंय? वाचला कुनी, ते इचारतेत. मंगलनं वाचला. दत्ता माझा लेक गुणाचा हाय, पर संतापी. त्याला कळलं की बायकोनं वाचून सांगितलं म्हनून आई गेली न्हाई, तर तिला माहेरला धाडंल. हळद म्हणलं की समदं बराबर बसतंय.”

मी त्यात कुठे नव्हतेच. पाय धरायचे राहून गेले.

दत्ता दुसऱ्या दिवशी आला. चुलाणाचा धूर अंगाला तसाच. जाळ सांभाळणाऱ्या शेजारणीने आमचं शेतातलं बोलणं ऐकलं होतं, ते तिने त्याला सांगितलं होतंच. त्याने आईची विचारपूस केली, पिशवी पाहिली आणि मग दाराशी उभ्या मंगलला, दात आवळून: “लई शानी झाली का दहावी होऊन? कागद वाचून राहिली! घरात काय मी मेलो व्हतो का इचारायला?”

“दत्ता, हळद व्हती म्हनून...” गयाबाई उठू लागल्या.

“हळद मी शिजवत व्हतो ना, आई! मला काय सांगती!”

तेव्हा मी बोलले. फार उशिरा आणि फार वाईट बोलले. मी म्हणाले की ओळ माझी. मंगलने फक्त वाचली, आणि वाचूनही तिला शंका आली. सगळ्यांत तिलाच काय ती आली. तिने पत्र लिहून विचारलं आणि ते पत्र माझ्याकडे पाच आठवडे होतं. मी अंतर्देशीय त्याच्या हातात दिलं आणि दुमडपट्टीवर बोट ठेवलं. त्याला वाचायला वेळ लागला. वॉर्डातल्या सगळ्या बायका आमच्याकडे बघत होत्या आणि डॉक्टर फेरीवर आले होते, तेही दारात थांबलेले.

दत्ताने पत्र उलटंसुलटं केलं. “या लाल रेघा कुनी मारल्या?”

“मी.”

“हिच्याखाली न्हाई मारली.”

“नाही मारली.”

शिवी आली असती तर बरं वाटलं असतं. त्याने पत्राची घडी केली आणि मला न देता मंगलच्या हातात दिलं. “ठिव,” म्हणाला.

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. मला वाटलं, आता हे सूड उगवणार. ते म्हणाले, “तुमचं पत्रक माझ्याकडे आहे. दुसऱ्या पेशंटने आणलं होतं. आधी समजावून सांगत नाहीत असं लिहिलंय तुम्ही. मी या बाईंना समजावलं नव्हतं. ओपीडीत शंभर माणसं असतात.” मग लगेच, “हे कारण म्हणून सांगत नाही,” असंही म्हणाले, पण ते कारणच होतं आणि आम्हा दोघांनाही ते कळलं.

पाच दिवसांनी पट्टी मधोमध कापली. नळी काढल्यावर गयाबाई मंगलचा हात धरून संडासाच्या दारापर्यंत गेल्या, आत एकट्या शिरल्या आणि आम्ही तिघी बाहेर उभ्या राहिलो. एका बाईच्या लघवीचा आवाज ऐकायला तीन बाया कान लावून उभ्या आहेत, असं दृश्य मी कधी पाहिलं नव्हतं. धार लागली. सिस्टरनी टाळी वाजवली. आतून गयाबाई ओरडल्या, “मेल्यांनो, तिकीट लावा आता!” आणि हसल्या, आणि मग हसणं मध्येच थांबलं. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, “भिजले थोडी.” पुढे म्हणाल्या, “पहिल्याइतकी न्हाई.” मंगलने पिशवीतून दुसरं लुगडं काढलं. तिने ते आधीच घेऊन ठेवलेलं होतं.

पुन्हा कुरुंदा

पुण्याची सभा झाली तेव्हा मी तिथे नव्हते. परतण्याआधी एक दिवस कुरुंद्याला गेले. हळद शिजून झाली होती आणि शेतभर वाळत पसरलेली. गयाबाई खाटेवर बसून वाळल्या हळदीतली माती झटकत होत्या. पुन्हा ऑपरेशन करायचं का, असं मी विचारलं. “बगू,” म्हणाल्या. “आता आधी बसून समदं इचारीन त्या डाक्टरला. मंग बगू.”

रात्रभर जागून मी चौथं पान नव्याने लिहिलं होतं. ऑपरेशनआधी काय विचारायचं. नंतर लघवी अडली, ताप आला, रक्त गेलं, तर वाट न बघता त्याच डॉक्टरकडे किंवा जवळच्या दवाखान्यात त्याच दिवशी जायचं. तक्रार नंतर, आणि तीही करायचीच. कागद मी मंगलपुढे धरला. म्हटलं, वाचून सांग, कळतं का.

तिचे हात पिवळे होते. तिने ते पुसले नाहीत.

“म्या न्हाई वाचणार, ताई,” ती म्हणाली. रागाने नाही. “आदी सिस्टरला दाखवा. त्या व्हय म्हनल्या तर वाचीन.”

जुनी पत्रकं मी जाळून टाकली आहेत. नवं पान सिस्टरकडे पाठवलं. पहिल्यांदा ते परत आलं तेव्हा त्यावर लाल शाईने तीन ठिकाणी लिहिलं होतं: ‘हे कोणावर ओरडते आहेस?’ मी बदलून पुन्हा पाठवलं. त्याला महिना होत आला. अजून उत्तर नाही. तोवर छापखान्यात काही दिलेलं नाही.